बत्तीसाब

ऑफिसात लाइट गेली की काय होतं? यूपीएस 'टीं टीं' करतो, कोणीतरी 'सेव्ह केलं का रे?' म्हणून ओरडतो, आणि एसी बंद पडल्याचं निमित्त काढून अर्धा फ्लोअर खाली चहाच्या टपरीवर जमतो. दहा मिनिटांनी लाइट येते, सगळे तोंड वाकडं करत परत वर. ती आणली कोणी, आणि मुळात गेली कशामुळे, याची चौकशी करणारा महाभाग मी तरी आजवर पाहिलेला नाही.

आता हाच सीन समुद्रात नेऊन ठेवा. तीनशे मीटर लांब जहाज, रात्रीचे दोन, आणि अचानक अंधार. खरं तर अंधाराचं एवढं काही नसतं, भीती वाटते ती शांततेची. जहाजावर चोवीस तास कसला ना कसला आवाज चालू असतो. जनरेटरची घरघर, ब्लोअरचं घूं घूं, पायाखालची बारीक थरथर. झोपसुद्धा त्या आवाजातच लागते. तो थांबला की गाढ झोपलेला माणूस ताडकन उठून बसतो. कारण आवाज थांबला म्हणजे पंप थांबले, पंप थांबले म्हणजे मेन इंजिन थांबलं, आणि इंजिन थांबलं म्हणजे लाखभर टनांचं धूड वारा नेईल तिकडे निघालं. इथे चहाला खाली उतरायची सोय नाही. नियमाप्रमाणे इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत आपणहून सुरू होऊन गरजेपुरती वीज द्यायला हवी. त्या ४५ सेकंदांत बॉयलर सूटमध्ये कसाबसा पाय घालून, हातात टॉर्च घेऊन जिने उतरणारा जो प्राणी असतो, तो ईटीओ. इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. भारतीय क्रूच्या बोलीत 'बत्तीसाब'.

हा प्राणी म्हणजे अस्मादिक. या पानावर जहाजाच्या गोष्टी लिहायला लागल्यापासून मला जे मेल येतात, त्यातल्या निम्म्यांचा सूर एकच असतो. 'सर, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सध्या आयटीत आहे. कोड लिहून कंटाळा आलाय. ईटीओ होऊ का? स्कोप आहे का? पॅकेज काय?' प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदमच देतो. गोड गोड काही सांगणार नाही, कारण गोड बोलणारे एजंट बाहेर भरपूर आहेत.

सगळ्यांना नंबर, याला नाही

आधी नावाची गंमत. इंजिन रूममध्ये चीफ इंजिनिअर म्हणजे 'बडा साब'. त्याच्या हाताखाली सेकंड साब, मग थर्ड इंजिनिअर 'तीन साब', फोर्थ इंजिनिअर 'चार साब', आणि ज्युनिअर पोरगा 'पाँच साब'. उतरंड अगदी क्लिअर. चार साब परीक्षा देत देत तीन होतो, तीनाचा सेकंड होतो, आणि सगळं नीट जमलं तर एक दिवस बडा साब. बत्तीसाबला मात्र नंबरच नाही. तो नुसता बत्तीसाब. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जहाजावर वीज येऊन बराच काळ लोटला. १८८० साली अमेरिकेत 'कोलंबिया' नावाच्या आगबोटीवर एडिसनचे दिवे बसवले, तेव्हा ते दिवे अजून शहरांत घरोघरी पोचलेलेही नव्हते. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडत होती तेव्हा तिचे दिवे जवळजवळ शेवटच्या मिनिटांपर्यंत चालू होते. सिनेमात ते बघून आपण रडलो, पण ते दिवे चालू ठेवणाऱ्या इंजिनिअर आणि इलेक्ट्रिशियन मंडळींपैकी एकही वाचला नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

एवढं सगळं असूनही या कामाला जगभर मान्य असं स्वतःचं सर्टिफिकेट नव्हतं. सीफेअररच्या शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, एसटीसीडब्ल्यू, १९७८चा. त्यात कॅप्टन होते, मेट होते, इंजिनिअर होते, इलेक्ट्रिकलवाला नव्हता. परिणाम काय, तर खर्च कापायची वेळ आली की बऱ्याच कंपन्या आधी त्याच्याकडे बघायच्या. २०१० साली मनिलात त्या करारात मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि १ जानेवारी २०१२पासून त्या लागू झाल्या. तेव्हा कुठे ईटीओ हा स्वतंत्र अधिकारी म्हणून कागदावर आला.

इथे एक बारीक अक्षरातली अट वाचून घ्या. ईटीओ व्हायला काय शिकलेलं असावं हे करार सांगतो, पण प्रत्येक जहाजावर ईटीओ असलाच पाहिजे असं तो म्हणत नाही. ते जहाजाचा झेंडा ज्या देशाचा, तो देश आणि कंपनी ठरवते. म्हणजे साध्या, छोट्या जहाजावर बत्तीसाब नसूही शकतो. कंटेनर, गॅस, क्रूझ, ऑफशोअर अशा विजेवर जगणाऱ्या जहाजांवर मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही.

वायर दिसली की बत्तीसाब

आता कामाचं बोलू. सकाळी आठला इंजिन कंट्रोल रूममध्ये मीटिंग. सेकंड इंजिनिअर कामांची यादी वाचतो. त्यात माझ्या वाटणीला काय काय येतं बघा. क्रेनचा लिमिट स्विच लागत नाही. पंपाच्या मोटरचं बेअरिंग आवाज करतंय. बॉयलरचा फ्लेम सेन्सर उगाच ट्रिप होतोय. ब्रिजवरच्या एका रडारचा पडदा अंधूक झालाय. स्मोक डिटेक्टरची महिन्याची टेस्ट. मग मीटिंग संपवून बाहेर पडावं तर कुक दारात उभा, 'साब, ओव्हन गरम नहीं हो रहा.' दुपारी बोसन सांगतो वॉशिंग मशीन फिरत नाही. संध्याकाळी कॅप्टनचा फोन, केबिनमध्ये नेट चालत नाही, आणि आज त्यांच्या मुलीचा वाढदिवस.

थोडक्यात फंडा असा, की ज्याला वायर आहे ते बत्तीसाबचं. आणि हल्ली वायर कशाला नाही? पूर्वी मेन इंजिनात कोणत्या सिलिंडरला इंधन कधी द्यायचं हे कॅमशाफ्ट ठरवायचा. आता बऱ्याच नव्या इंजिनांत ते कॉम्प्युटर ठरवतो. २०१७पासून बॅलास्टच्या पाण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आले, ते पाणी शुद्ध करणारी यंत्रणा आली, तिचे सेन्सर आले. २०२०पासून इंधनातल्या गंधकावर कडक मर्यादा आली, मग धूर धुणारे स्क्रबर आले, त्यांचे पंप आणि त्यांचे कंट्रोल पॅनल आले. दर नव्या नियमाबरोबर जहाजावर एक नवीन पॅनल येतं आणि ते उघडायची चावी माझ्याकडे दिली जाते.

कंटेनर जहाजावर त्यात भर रीफरची. रीफर म्हणजे फ्रिज असलेला कंटेनर. मोठ्या जहाजावर असे शेकडो असतात आणि प्रत्येकाचं टेंपरेचर दिवसातून दोनदा बघायचं. सगळ्यात आपली वाटतात ती नाशिकची द्राक्षं. पिंपळगाव, दिंडोरीकडची द्राक्षं सीझनला न्हावाशेव्याहून युरोपला निघतात, शून्य अंशाच्या आसपास ठेवून. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. तेवढे जास्त दिवस त्या द्राक्षांना थंड ठेवायचं काम जहाजावर कोणाचं? कंप्रेसर बंद पडला आणि बारा तास कोणाच्या लक्षात आलं नाही, तर रोटरडॅमला दार उघडल्यावर काय दिसेल ते सांगायला नको. एका शेतकऱ्याचं वर्ष त्या डब्यात असतं. लाटा डेकवर येत असल्या तरी मग टॉर्च घेऊन राउंड मारावाच लागतो. त्याला ऑप्शन नाही.

अर्थ फॉल्ट नावाचं भूत

पण या नोकरीचा खरा स्वभाव कळायचा असेल तर अर्थ फॉल्ट समजून घ्या.

घरी गीझरची करंट लागणारी वायर बॉडीला टेकली की ईएलसीबी पडतो आणि सप्लाय बंद होतो. जमिनीवर हेच बरोबर आहे. जहाजावर मात्र साधारणपणे ४४० व्होल्टची सिस्टिम जमिनीपासून, म्हणजे जहाजाच्या लोखंडापासून, मुद्दाम अलग ठेवलेली असते. एक वायर कुठे बॉडीला टेकली तरी काही ट्रिप होत नाही, सगळं चालू राहतं. असं का? कारण ती वायर उद्या स्टिअरिंगच्या मोटरची असली आणि जहाज एखाद्या अरुंद कालव्यात असलं, तर मोटर बंद पडणं जास्त धोक्याचं. म्हणून सिस्टिम नुसता अलार्म देते. 'काहीतरी बिघडलंय, बघ बाबा.' कुठे, ते सांगत नाही. आणि हा पहिला फॉल्ट तसाच ठेवला आणि दुसऱ्या फेजवर दुसरा झाला, तर मात्र थेट शॉर्ट सर्किट.

मग शोधाशोध सुरू. स्विचबोर्डसमोर उभं राहून, ड्यूटीवरच्या इंजिनिअरला विचारून एकेक फीडर बंद करायचा आणि मीटरकडे बघायचं. काटा हलला? नाही. परत चालू करा, पुढचा. ब्रिजवर फोन करून परवानगी, गॅलीत निरोप, लाँड्रीत निरोप. तासाभराने काटा हलतो. चला, फॉल्ट अमुक डेकच्या लाइटच्या फीडरवर आहे. मग त्या फीडरवरचे सगळे दिवे. मग एकेक जंक्शन बॉक्स. शेवटी सापडतं काय, तर एका फ्लडलाइटच्या झाकणाचं रबर उन्हाने कडक झालेलं असतं आणि आत वाटीभर खारं पाणी. रबराची किंमत एका वडापावाएवढी. माझा अख्खा दिवस त्यात गेलेला.

आणि त्या दिवसात जहाजावरच्या एकाही माणसाला काही फरक पडलेला नसतो. दिवे चालू होते, एसी चालू होता, जेवण वेळेवर झालं. संध्याकाळी मेस रूममध्ये कोणीतरी हमखास विचारतो, 'बत्तीसाब, आज आराम चल रहा है क्या?' हे ऐकून ज्याचं डोकं फिरेल त्याने या लाइनला येऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतोय. तुमचं काम उत्तम झालं तर काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी अप्रेझलमध्ये स्टार देत नाही.

एक वायर, एक लेबल

'काहीच न घडणं' याची किंमत काय असते ते २६ मार्च २०२४ला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. रात्री दीडच्या सुमारास 'डाली' नावाचं कंटेनर जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडत होतं. क्रू जवळजवळ सगळा भारतीय. पुलाच्या अलीकडे जहाजाचे सगळे दिवे गेले. आले. परत गेले. काही मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल पत्त्याच्या बंगल्यासारखा खाली आला. पायलटने वेळीच कळवल्यामुळे पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक अडवली, म्हणून पुष्कळ जीव वाचले. पण पुलावर खड्डे बुजवत असलेल्या टोळीतले सहा कामगार गेले.

अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने नोव्हेंबर २०२५मध्ये कारण जाहीर केलं. मी ते वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. एक वायर सैल होती. सिग्नलची साधी, बारीक वायर. वायरला नंबर लिहिलेली एक पट्टी गुंडाळतात, लेबल. ते लेबल अशा जागी बसवलं गेलं होतं की वायरचं टोक टर्मिनलच्या क्लॅम्पमध्ये पूर्ण आत गेलंच नाही. नुसतं अडकून राहिलं. ते त्या रात्री सुटलं, ब्रेकर उघडला, अंधार झाला. वीज परत आली, पण जनरेटरला इंधन देण्यासाठी जो पंप वापरात होता तो ब्लॅकआउटनंतर आपणहून चालू होणारा नव्हता. मग दुसऱ्यांदा अंधार.

हजारो वायरींतून ती एक शोधणं म्हणजे आयफेल टॉवरमधला एक सैल रिव्हेट शोधण्यासारखं होतं, असं त्या संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं. खरंय. पण जहाजावरच्या माणसाने या तपासातून काय घ्यायचं? मी असं घेतलं. लाइट परत आणणं हे आमच्या कामातलं सोपं अर्धं आहे. ते बरंचसं आता ऑटोमॅटिक होतं, मशीन माणसापेक्षा लवकर करतं. 'का गेली' हे शोधणं हे अवघड अर्धं, आणि ते कुठल्याही मशीनने अजून आमच्याकडून काढून घेतलेलं नाही. त्याहून अवघड म्हणजे जाण्याआधीच शोधणं. पॅनलचं दार उघडून, सप्लाय बंद करून, एकेक वायर हाताने हलकेच ओढून बघणं. कंटाळवाणं काम आहे. सहाशे वायरी ओढल्या, सहाशे घट्ट निघाल्या, तर त्या दिवशी तुम्ही काय केलं? जगाच्या हिशेबी काहीच नाही.

जायचंच ठरलं असेल तर

इतकं वाचूनही उत्साह टिकला असेल, तर आता रस्ता सांगतो.

पहिली गोष्ट, डोळे. ईटीओला रंग ओळखता आले पाहिजेत. मेडिकलमध्ये कलर व्हिजन तपासतात आणि त्यात सूट मिळत नाही. म्हणून कोर्सचे पैसे भरण्याआधी डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे जा. फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दुसरी गोष्ट, शिक्षण. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि त्याच्या जवळपासच्या शाखांची डिग्री किंवा डिप्लोमा लागतो. मार्कांची, इंग्रजीची आणि वयाची अट आहे, ती डीजी शिपिंगच्या ताज्या सर्क्युलरमध्येच बघा, मित्राच्या मित्राला विचारू नका. मग सुमारे चार महिन्यांचा मान्यताप्राप्त ईटीओ कोर्स. त्याच्या जोडीला आग विझवणं, जीव वाचवणं, प्रथमोपचार असे बेसिक सेफ्टीचे छोटे कोर्स. कागदांमध्ये पासपोर्ट, इन्डॉस नंबर आणि सीडीसी, म्हणजे सीफेअररचं पुस्तक.

तिसरी गोष्ट, समुद्र. एसटीसीडब्ल्यूप्रमाणे वर्कशॉपचं ट्रेनिंग आणि समुद्रावरचा काळ मिळून किमान १२ महिने भरावे लागतात, त्यात किमान ६ महिने जहाजावर. या काळात तुम्ही ट्रेनी असता. मग लेखी आणि तोंडी परीक्षा, आणि हातात सीओसी, सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी. तोंडी परीक्षेत पाठांतर चालत नाही. समोरचा सर्व्हेअर शांतपणे विचारतो, 'अलार्म आला. आता सांग, पहिलं काय करशील?' आणि पुढचा अर्धा तास तुमच्या प्रत्येक उत्तराला 'मग?' म्हणतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोर्स झाला म्हणजे जहाज मिळालं असं मुळीच नाही. ट्रेनी म्हणून पहिली जागा मिळणं हा या करिअरमधला सगळ्यात अरुंद दरवाजा आहे, आणि त्या दरवाज्यावरच ठग उभे असतात. 'अमुक लाख द्या, पुढच्या महिन्यात जॉइनिंग.' मुंबई-नवी मुंबईत कितीतरी पोरांच्या आईवडिलांनी गावची जमीन, दागिने विकून असे पैसे भरलेत. काहींना जहाज मिळालंच नाही, काहींना मिळालं ते अशा मोडक्या जहाजावर की पगार बुडाला आणि परत यायला तिकीट नाही. म्हणून हे पाठ करा: भारतात सीफेअररची भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हे लायसन्स लागतं आणि ते खरं आहे की नाही हे डीजी शिपिंगच्या साइटवर तपासता येतं. आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नोकरी लावून देण्यासाठी सीफेअररकडून पैसे घेता येत नाहीत. जो मागतो तो ठग. मग त्याचं ऑफिस कितीही चकाचक असो आणि त्याच्या टेबलावर जहाजाचं कितीही मोठं मॉडेल असो.

शक्य असेल तर ज्या संस्थेचं कुठल्यातरी शिपिंग कंपनीशी टायअप आहे आणि जी कंपनी आधी इंटरव्ह्यू घेऊन मग कोर्सला पाठवते, तिथूनच जा. उशीर झाला तरी चालेल. आणि हो, मुलींनो, हे तुम्हालाही लागू आहे. मुली ईटीओ म्हणून जहाजांवर जातात, आणि मेगरला तो कोणाच्या हातात आहे याने काडीचा फरक पडत नाही.

पॅकेज पॅकेज

बरं बाबा, पैसे. ट्रेनी असताना स्टायपेंड, तो बेताचाच. ईटीओ झाल्यावर महिन्याला चार आकडी डॉलर. टँकर, गॅस आणि ऑफशोअरला जास्त. रुपयात गुणाकार करून बघितला की हिंजवडीतल्या मित्रांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण हा गुणाकार बारा महिन्यांनी करू नका. बऱ्याच ठिकाणी पगार फक्त कॉन्ट्रॅक्टच्या महिन्यांचा असतो. चार-सहा महिने जहाजावर, मग दोन-चार महिने घरी. घरच्या महिन्यांत ईएमआय चालू, पगार बंद. परदेशी जहाजावर काम करून आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिलात तर एनआरआय म्हणून टॅक्सचा फायदा मिळतो, पण त्यात उपनियम आहेत. चांगला सीए गाठा आणि पासपोर्टवरचे शिक्के मोजायला शिका.

घरच्या गणपतीला तुम्ही असाल की नाही हे बाप्पा आणि कंपनी दोघं मिळून ठरवतात. मित्रांची लग्नं व्हॉट्सअॅपवर बघायची. २०२० साली कोविडमध्ये जगभरात सुमारे चार लाख सीफेअरर कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, ही या नोकरीची दुसरी बाजू. आता जहाजावर बरं इंटरनेट आलंय, रोज व्हिडिओ कॉल होतो. त्याने एकटेपणा कमी होतो का? कधी कधी वाढतोसुद्धा. घरी आईला बरं नाही हे पूर्वी महिन्याने कळायचं, आता त्याच क्षणी कळतं. करता काहीच येत नाही, ते पूर्वीसारखंच.

नंबर नसलेल्याचं प्रमोशन

आता ते नंबरचं. तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

चार साबाचा तीन साब होतो. बत्तीसाबचा काय होतो? बहुतेक मालवाहू जहाजांवर बत्तीसाबच राहतो. त्याच्या वर त्याच्या खात्याची जागाच नाही, कारण खातं म्हणजे तोच. क्रूझ जहाजांवर इलेक्ट्रिकलची टीम असते, तिथे चढायला पायऱ्या आहेत. इतरत्र नाहीत. चाळिशीला सीओसी तीच, पाटी तीच. ज्याला दर दोन वर्षांनी व्हिजिटिंग कार्डवर नवा शब्द हवा असतो, त्याला हे जड जातं. माझ्याबरोबरचे काही हुशार लोक यामुळेच लाइन सोडून गेले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग जे राहिले आणि सुखी आहेत, त्यांनी काय केलं? त्यांनी वर चढायची जागा नाही म्हटल्यावर खोल खणलं. जहाजावर १००० व्होल्टच्या वर गेलं की हाय व्होल्टेज. मोठ्या जहाजांवर ६६०० व्होल्ट सर्रास असतात, त्याचे कोर्स आणि अनुभव दोन्ही घेतले. कोणी गॅस कॅरिअरमध्ये मुरलं, कोणी ऑफशोअरच्या डायनॅमिक पोझिशनिंगच्या जहाजांवर. दर कॉन्ट्रॅक्टला एका सिस्टिमचं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, असा नेम मी स्वतः ठेवलाय. बोअर होतं, पण रात्री तीनला तेच कामाला येतं.

आणि जमिनीवर परत यायचा रस्ता विचाराल, तर तो या लोकांसाठी चांगला रुंद आहे. ऑटोमेशन कंपन्यांत सर्व्हिस इंजिनिअर, शिपिंग कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरिंटेंडंट, शिपयार्ड. आणि एक तुमच्या अगदी शेजारचा: डेटा सेंटर. नवी मुंबईत ऐरोली, महापे पट्ट्यात उभ्या राहिलेल्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती आठवा. आत काय आहे? जनरेटर, स्विचगिअर, बॅटऱ्या, कूलिंग, आणि 'एक सेकंदही लाइट जाता कामा नये' ही अट. म्हणजे न हलणारं जहाजच की ते! ज्या माणसाने सात दिवस किनारा दिसत नसताना, दुकान नसताना, फोनवर वेंडर नसताना एका जुन्या पॅनलला जिवंत ठेवलंय, त्याला तिथे काय येतं हे फार समजावून सांगावं लागत नाही.

तर, जाऊ का? याचं उत्तर मी मेलवर देऊ शकत नाही, पण एक फुकटची टेस्ट सांगतो. पुढच्या वेळी घरातला एमसीबी पडेल तेव्हा स्वतःकडे लक्ष द्या. बहुतेक लोक तो वर करतात, लाइट येते, सीरियल पुढे सुरू होते. काही थोडे लोक असे असतात की लाइट आल्यावरही त्यांना चैन पडत नाही. इस्त्री लावली तेव्हाच का पडला? गेल्या पावसाळ्यातही याच भिंतीच्या सॉकेटवर पडला होता ना? मग ते घरच्यांच्या शिव्या खात सप्लाय बंद करतात, सॉकेट उघडतात, आणि भिंतीतली ओल सापडेपर्यंत जेवायला येत नाहीत.

तुम्ही पहिल्या प्रकारचे असाल तर बिनधास्त आयटीत राहा, छान चाललंय तुमचं. दुसऱ्या प्रकारचे असाल तर आधी डोळे तपासून घ्या.